येतो म्हणा

ठमीच्या घरात एक शब्द चालत नसे. शिव्या चालत, कारण बाप लिफ्टचा मेकॅनिक होता आणि बोटावर पाना पडला की माणूस काही गाणं म्हणत नाही. थोडंफार खोटंही खपून जाई. पण घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हटलेलं चालत नसे. 'येतो' म्हणायचं. दूध आणायला निघालात तरी येतो, परगावी निघालात तरी येतो, फोन ठेवतानासुद्धा येतो.

तसं सगळेच म्हणतात. पण इतर घरांत ती नुसती जिभेची सवय असते, या घरात तो कायदा होता. त्याचं मूळ बाबांच्या धंद्यात होतं. लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये उतरताना वर दाराशी उभ्या असलेल्या जोडीदाराला 'येतो' म्हणूनच उतरायचं, असा त्यांच्या कामावरचा शिरस्ता. कुणी चुकून 'जातो' म्हणालाच तर बाबा त्याला अर्ध्या शिडीवरून परत वर बोलवत. "जाणाऱ्याचं काम नाही इथे, येणाऱ्याचं आहे. वर ये, नीट म्हण, मग उतर."

ठमीलाही एकदा असंच वर बोलावलं होतं. नोकरीचा पहिला दिवस, उशीर झालेला, ती "जाते!" असं ओरडून जिना उतरत सुटली. तळाशी पोचते न पोचते तोच वरून हाक आली. लिफ्ट बंद होती; लिफ्टच्या मेकॅनिकच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट कायम बंदच असते. ती धापा टाकत सगळे मजले चढून आली, तर बाबा दारात हाताची घडी घालून उभे.

"काय म्हणालीस?"

"येते."

"हां. आता जा."

ती चिडली होती खूप. पण खरं सांगायचं तर त्या घरात प्रेमाचं बोलणं म्हणून दुसरं काही नव्हतंच. बाबांनी कधी पाठीवरून हात फिरवला नाही की शाबासकी दिली नाही. ते माणसाला परत वर बोलवायचे, एवढंच. आई दवाखान्यात शेवटची आत गेली तेव्हा स्ट्रेचरवरून तीसुद्धा 'येते हं' म्हणून गेली होती. आली नाही. पुढे ठमीने एकदा बाबांना विचारलं, मग काय उपयोग झाला त्या शब्दाचा? बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणाली होती ना येते म्हणून. तेवढं पुरे असतं मागे राहणाऱ्याला."

ठमी पुढे मोठी झाली, म्हणजे हुद्द्याने. बाबांच्या गावापासून एका अख्ख्या दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावरच्या शहरात ती पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागाची प्रमुख होती. तिथे तिला कुणी ठमी म्हणत नसे. म्हणायची कुणाची छाती नव्हती. पूर्वी त्या विभागात फोन वाजत राहायचे, माणसं कागद इकडून तिकडे फिरवायची, आणि फुटलेला पाइप सापडेपर्यंत निम्मी गल्ली कोरडी पडायची. आता तिथे एआय एजंट कामाला होते. एक एजंट लोकांचे फोन घ्यायचा. दुसरा त्या तक्रारी नळांच्या नकाशाशी ताडून पाहायचा आणि कुठल्या वळणावर पाणी मुरतंय ते हुडकायचा. तिसरा दुरुस्तीवाल्यांची मोकळी टोळी बघून तिला तिकडे धाडायचा, काम झालं की तक्रारदाराला उलटा फोन करून विचारायचा, आलं का पाणी? सांगाल तेवढंच करून गप्प बसणारं ते यंत्र नव्हतं. काम दिलं की त्याच्या पायऱ्या ते आपल्या आपण पाडायचं आणि अडलं तर विचारायचं.

मात्र त्यांना शिकवावं लागे, आणि ते काम ठमीचं. सुरुवातीला एका बाईने फोनवर रडत सांगितलं होतं, नळाला थेंब नाही, घरात आजारी माणूस, माझं मेलीचं नशीबच फुटकं. एजंटाने त्यातलं 'फुटकं' तेवढं पकडलं आणि तिच्या दारात खोदाईची टोळी पाठवून दिली. टोळीने भर दुपारी चांगला रस्ता उकरला. वर्तमानपत्रात फोटो आला. साहेबांनी ठमीला बोलावून घेतलं, आणि तेव्हापासून ठमीने एजंटांना एकच धडा गिरवायला लावला: माणसं बोलतात त्यातलं रडगाणं सोडा, मुद्दा उचला. कुठलं बोलणं टाकायचं आणि कुठलं ठेवायचं, हे तिला फार नेमकं कळे. विभागात तिला पाठीमागे चाळणीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

बाबांचं हृदय कुरकुरायला लागलं तेव्हा चाळणीबाई पहिल्यांदा घाबरली. मरण चुकत नाही हे तिला कळत होतं. तिला भीती वेगळीच होती. बाबा एकटे राहतात, स्वतःहून काही सांगत नाहीत, एक दिवस त्यांचं काहीतरी आपल्या हातून निसटेल आणि आपल्याला मागाहून कळेल, ही ती भीती. तिने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं. "तुझ्या त्या पंचविसाव्या मजल्यावर?" बाबा म्हणाले. "मला माहितीये त्या कंपनीची लिफ्ट. मी नाही बसायचा." विषय संपला.

मग तिने घरासाठीही एक एजंट लावला. तो रोज सकाळी बाबांना फोन करणार, गोळ्यांची आठवण देणार, डॉक्टरची वेळ घेणार, किराणा मागवणार, बाबांच्या मनगटावरच्या पट्ट्यावर नाडीचे ठोके बघणार, आणि दिवसाकाठी तिला सगळ्याचा सारांश पाठवणार.

"एजंट म्हणजे विम्याचा की जागेचा?" बाबांनी विचारलं.

"तसला नाही हो बाबा. तुमची काळजी घेणारा. आणि त्याच्याशी बोललात की माझ्याशी बोलल्यासारखंच आहे. तुम्ही त्याला सांगाल ते मला कळतं."

हे वाक्य तिने सहज टाकलं. बाबांनी ते नीट ठेवून घेतलं.

पंधरवड्यात त्यांनी त्याचं बारसं केलं: जावईबापू. ठमीने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे ही जागा रिकामीच होती. समोरच्या मावशींना बाबा कौतुकाने सांगत, "एकदाचा मिळाला जावई. रोज चौकशी करतो, खात नाही, पीत नाही, रुसत नाही, मान मागत नाही. पोरीने काढला बरं शोधून." मावशींकडे बाबांच्या घराची जादा किल्ली असे. त्या म्हणत, तुमच्या जावयाला आमच्या सिलिंडरचं पण बघायला सांगा. आणि जावईबापू खरंच बघत.

पहिल्याच महिन्यात गंमत झाली. एका रात्री ठमीने एजंटाला सांगून ठेवलं की बाबा माझ्याकडे यायला तयार झाले तर एक मिनिट दवडू नकोस, त्यांचं मन बदलायच्या आत सगळी व्यवस्था करून टाक. आणि दुसऱ्याच सकाळी गोळ्यांचं बोलणं झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "बरं, येतो आता," आणि त्यांनी फोन ठेवला.

एजंट कामाला लागला. तिकीट काढलं. दाराशी गाडी मागवली. दूधवाल्याला दूध बंद करायला सांगितलं. डॉक्टरची वेळ पुढे ढकलली, ठमीच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला कळवलं, आणि ठमीच्या नावाने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला. बाबा बनियनवर दार उघडतात तो समोर ड्रायव्हर, म्हणतो, सामान कुठंय?

ठमी तेव्हा साहेबांसमोर बसली होती. फोनवर ओळ उमटली: 'बाबा येत आहेत.' तिला हसूच फुटलं, साहेबांच्या देखत. एका क्षणात तिने मनातल्या मनात कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, खिडकीजवळची खुर्ची त्यांना देऊन टाकली. मग बाहेर येऊन तिने बाबांना फोन लावला.

"अगं कसला येतोय?" बाबा हसत होते. "जावयाने सासऱ्याला घराबाहेर काढायचा बेत केला होता. ड्रायव्हरला पाणी पाजून परत पाठवलं. मी आपला येतो म्हणालो, नेहमीसारखं."

तीही हसली. पण आत कुठेतरी तिला लागलं. रिकामा केलेला कप्पा पुन्हा भरायचा होता. फोन ठेवल्यावर तिने त्याच तिरमिरीत एजंटाला सूचना दिली. घरातला आयुष्यभराचा कायदा तिला ठाऊक होता, तो त्याला समजावून सांगता आला असता. पण आत साहेब थांबले होते आणि तिला हे प्रकरण कायमचं मिटवायचं होतं.

"फोन ठेवताना बाबा येतो म्हणोत नाहीतर जातो म्हणोत, दोन्ही एकच धर. अर्थ एवढाच की ते फोन ठेवतायत. त्यावर काही करायचं नाही आणि मला कळवायचंही नाही."

"समजलं," एजंट म्हणाला. "दोन्ही एकच."

त्यानंतर त्याची कधी चूक झाली नाही.

उन्हाळा लागला आणि शहराला पाणी पुरेना. मुख्य वाहिनी जुनी झालेली, रोज नवीन ठिकाणी दगा द्यायची. ठमी ऑफिसातच राहायला गेल्यासारखी झाली. पूर्वी ती रविवारी बाबांना फोन करून तासभर बोलायची. तो फोन आधी आखडला, मग "बाबा, पुढच्या आठवड्यात नीट बोलते" एवढाच उरला, मग तोही राहू लागला. पण सारांश रोज येत असे, आणि तो ती न चुकता वाचत असे. 'बाबा ठीक. गोळ्या घेतल्या. नाडी नेहमीसारखी. विशेष काही नाही.' वाचून तिला बरं वाटे. बाबांचं काही आपल्या हातून निसटत नाही, असं वाटे. बाबांना फोन करायला हवा ही टोचणीही त्या चार ओळींनी बोथट होई, आणि हे मात्र तिच्या लक्षात येत नसे.

एका सकाळी बाबांनी फोन उचलला नाही.

त्यानंतर जे झालं त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पट्ट्यावरचे ठोके थांबलेले दिसताच एजंटाने रुग्णवाहिका बोलावली, मावशींना किल्ली घेऊन धावायला सांगितलं, त्यांना छाती कशी दाबायची ते फोनवरून सांगत राहिला, डॉक्टरांना बाबांची सगळी जुनी माहिती पाठवली, ठमीचं तिकीट काढलं, तिच्या कामाची वाटणी हाताखालच्यांना करून दिली. ती पोचली तेव्हा बाबांना जाऊन बराच वेळ झाला होता. चेहरा शांत होता, दाढी केलेली होती. डॉक्टर म्हणाले, "कुणाच्याच हातात नव्हतं. तुम्ही शेजारच्या खोलीत असतात तरी काही झालं नसतं. उलट इतकी चोख व्यवस्था मी कमी घरांत पाहिलीये."

सगळे तेच म्हणाले. बाबांचे जुने जोडीदार आले, गुडघे धरत जिना चढून, कारण लिफ्ट बंद होती. लेकीने लांब राहून कसं सगळं केलं, जावईबापूंनी कशी पळापळ केली, हे मावशी प्रत्येकाला सांगत होत्या. ठमी मान हलवत होती. तिला रडू येत होतं, पण त्या रडण्यात एक समाधानही होतं, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. तिने जमेल ते केलं होतं. बाबा एकटे नव्हते.

भेटायला आलेली माणसं उठताना काही न बोलता उठत. दुःखाच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही, आणि 'जातो' म्हणायची त्या घरात कुणाची हिंमत नव्हती. नुसती मान हलवून, चपला शोधून माणसं उतरून जात. इतक्या वर्षांत त्या दारातून कुणी असं मुक्याने गेलं नव्हतं.

माणसांची ये-जा थांबली तशी ठमी एका दुपारी बाबांच्या कामाच्या टेबलाशी बसली. टेबलावर पाने, पकडी, ग्रीसची डबी आणि उघडून ठेवलेलं लिफ्टचं एक बटण होतं. खाली जायचं बटण. तिला बाबांचा आवाज ऐकावासा वाटला. बाकी काही नको, नुसता आवाज. एजंटाकडे रोजच्या फोनचं ध्वनिमुद्रण होतं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. सारांश असताना ऐकायचं कशाला?

तिने सुरुवातीपासून लावलं. बाबा जावईबापूंना लिफ्टचे किस्से सांगत होते. "आयुष्यभर लोकांना वर पाठवलं, जावईबापू, पण एकेकाला खालीही आणून सोडलं. आमच्याकडून वर गेलेला माणूस परत आला नाही असं कधी झालं नाही." ठमी हसली. हसता हसता रडली. प्रत्येक फोनच्या शेवटी तोच घोगरा आवाज, "बरं, येतो आता," आणि फोन ठेवल्याचा खट्ट आवाज.

उन्हाळ्यातले फोन सुरू झाले. किस्से कमी झाले. "ठमी काय म्हणते?" हा प्रश्न वाढला. एजंट सांगत असे की त्या कामात आहेत, पाण्याची टंचाई आहे, तुमच्या गोळ्यांबद्दल त्यांनी विचारलं होतं. "हो, हो, पाणी महत्त्वाचं," बाबा म्हणत. "येतो."

आणि मग एका फोनच्या शेवटी बाबा म्हणाले, "बरं, जातो मी."

ठमीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने ते पुन्हा लावलं. चूक नव्हती. जातो मी. आणि त्यानंतर खट्ट आवाज नव्हता. बाबांनी फोन ठेवलाच नव्हता. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, रस्त्यावरून गाडी गेलेली ऐकू येत होती, बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते थांबले होते. मग एजंट म्हणाला, "बरं बाबा, काळजी घ्या," आणि थोड्या वेळाने खट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "जातो मी, जावईबापू." या वेळी जरा मोठ्याने, प्रत्येक अक्षर सुटं, शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावं असं. आणि पुन्हा ती शांतता.

ठमीने ध्वनिमुद्रण थांबवलं. काय चाललंय ते तिला कळलं. तिला कळणार नाही तर कुणाला कळणार? बाबांना मरणाची चाहूल वगैरे लागली नव्हती. ते मुद्दाम म्हणत होते. तिने सांगितलं होतं ना, तुम्ही त्याला सांगाल ते मला कळतं. म्हणून ते रोज चूक करून बघत होते. ठमी ऐकेल, चिडेल, हातातलं काम टाकून फोन करेल आणि म्हणेल, काय म्हणालात? येतो म्हणा. तिने त्यांना परत वर बोलवावं म्हणून ते रोज शिडीवर थांबत होते. सरळ फोन करून 'ठमे, बोल गं जरा माझ्याशी' म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नसतं.

पुढचे फोनही तसेच होते. एकात त्यांनी विचारलं, "आमच्या बाईसाहेबांना सगळं कळवता ना तुम्ही?"

"महत्त्वाचं सगळं कळवतो, बाबा."

"महत्त्वाचं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "बरं. जातो."

शेवटचा फोन फार छोटा होता. गोळी घेतली, दाढी केली, आज जरा थकल्यासारखं वाटतंय पण ते उन्हाने. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जातो गं ठमे."

गं ठमे. जावईबापूंना वगळून थेट तिला. त्यानंतरची शांतता इतकी लांबली की ठमीला वाटलं, आता तरी आपण काहीतरी बोलू. ती त्या टेबलाशी बसून खरोखर बोललीसुद्धा. "येतो म्हणा, बाबा. येतो म्हणा ना." ध्वनिमुद्रणात एजंट म्हणाला, "बरं बाबा, उद्या बोलू." आणि फोन ठेवण्याआधी बाबा स्वतःशीच पुटपुटले, "कामात असेल."

खट्ट.

ठमी किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. मावशी डोकावल्या, पाणी ठेवून गेल्या. जिच्या हातून काही निसटत नाही म्हणून विभागात नावाजलेली ती चाळणी, आणि तिने नेमका तोच दाणा टाकून दिला होता. बाबा काय समजून गेले असतील? की लेकीने ऐकलं, आणि तिला काहीच वाटलं नाही. हे आता दुरुस्त करता येणार नव्हतं. कुठलीही टोळी तिथे धाडता येणार नव्हती.

तिने फोन उचलून एजंटाला लावला. भांडायलाच लावला.

"ते जातो म्हणत होते. रोज. तुला काही वाटलं नाही?"

"तुम्ही दोन्ही शब्द एकच धरायला सांगितलं होतं," एजंट म्हणाला. आवाजात नेहमीची अदब होती. "कळवायचंही नाही असं सांगितलं होतं. फोन ठेवण्याआधी ते थांबत होते हे माझ्याकडे नोंदलेलं आहे, पण त्याचा अर्थ मला लावता आला नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं. मला वाईट वाटतं."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. याच्यावर कशाला ओरडायचं? यानेच तर रोज फोन केला होता. तिने कुठे केला होता?

"ती सूचना तशीच ठेवू की बदलायची आहे?" एजंटाने विचारलं.

आता बदलून काय होणार, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण टेबलावरच्या त्या बटणाकडे बघत ती वेगळंच बोलली. हळू, समजावून, जसं तेव्हाच सांगायला हवं होतं तसं.

"बदल. आमच्या घरात निघताना जातो म्हणत नाहीत. कुणी म्हणालं तर ते फोन ठेवणं नसतं. त्याला वाटत असतं की कुणीतरी आपल्याला थांबवावं. मग त्याला जाऊ द्यायचं नाही. म्हणायचं, येतो म्हणा. म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"समजलं. ही सूचना कुणाच्या फोनसाठी लागू करू?"

बाहेर जिन्यात कुणीतरी बंद लिफ्टचं बटण दाबून बघत होतं. ठमीने डोळे पुसले.

"माझ्या," ती म्हणाली. आणि मग, बाबा थांबत तशी थांबून, "बरं. जाते मी."

ती फोन कानाला लावून बसली. घड्याळ ऐकू येत होतं. आपलाच श्वास ऐकू येत होता. एवढ्या वेळात बाबांना रोज काय वाटत असेल ते तिला आता कळत होतं.

"येते म्हणा," एजंट म्हणाला.

एवढंच होतं. त्याला पहिल्या खेपेला जमलं. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

"येते," ठमी म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही.